चिखलदऱ्याचा रविवार आणि सोमवार

पावसाळ्यात शनिवारी रात्री चांदूर बाजारात कुणी "उद्या चिखलदऱ्याले येता का बे?" असं विचारलं, की बेत ठरायला पाच मिनिटं लागत नाहीत. सकाळी निघायचं, परतवाड्यात नाश्ता, मग घाट, धुक्यातले फोटो, भुट्टे आणि संध्याकाळी घरी. मुक्काम नाही, त्यामुळे बुकिंग नाही की सामान नाही. परतवाड्यापासून चिखलदरा 30 किलोमीटरच्या आसपास, अमरावतीहून 80-85. समुद्रसपाटीपासून 1100 मीटरवरचं हे पठार वऱ्हाडाला इतकं जवळ आहे की तिथं जाण्याला आपण प्रवास म्हणतच नाही.

वर राहणाऱ्या माणसाला आपलं हे येणं कसं वाटतं, हा प्रश्न मात्र आपण क्वचित विचारतो. कोविडनंतर जगात तो मोठ्या आवाजात विचारला गेला. जुलै 2024 मध्ये बार्सिलोनात निदर्शकांनी हॉटेलांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या. त्याच वर्षी 25 एप्रिलपासून व्हेनिसने गर्दीच्या दिवसांत फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना 5 युरो प्रवेशशुल्क लावलं. आपल्याकडे मार्च 2025 मध्ये माथेरानच्या लोकांनी गाव बंद ठेवलं, पण त्यांची तक्रार वेगळीच होती. माथेरानच्या दारातल्या दस्तुरी नाक्यावर पर्यटकांची दिशाभूल होते, त्यांना लुबाडलं जातं, त्यानं गावाचं नाव खराब होतं आणि लोक यायचे थांबतील, अशी. बार्सिलोनावाले माणसं कमी करा म्हणत होते, माथेरानवाले माणसं टिकवा म्हणत होते. दोन्ही ठिकाणी चिडलेले मात्र स्थानिकच.

म्हणून "स्थानिकांचा पर्यटनाला विरोध आहे की पाठिंबा" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर मागणं व्यर्थ आहे. हे मत घडतं कसं ते पाहायला हवं. आपल्यासाठी त्याची सगळ्यात जवळची जागा चिखलदराच आहे.

अभ्यासकांकडे यासाठी एक जुनी शिडी आहे. डॉक्सी नावाच्या अभ्यासकाने 1975 मध्ये ती मांडली. सुरुवातीला पाहुणा आला की आनंद, मग तो नेहमीचा झाला की बेफिकिरी, गर्दी वाढली की चिडचिड आणि शेवटी उघड वैर. मांडणी सुटसुटीत आहे, म्हणून ती अजून शिकवली जाते. तिचा दोष असा की तीत सगळं गाव एकाच पायरीवर उभं असल्यासारखं दिसतं. चिखलदऱ्यात एकाच घरातली दोन माणसं दोन पायऱ्यांवर असू शकतात. रविवारी दुपारी भुट्टे भाजून विकणारी बाई खूश असते आणि त्याच संध्याकाळी तिचा नवरा गाड्यांच्या रांगेत अडकलेला असतो. नंतरच्या अभ्यासकांनी, विशेषतः 1990 नंतर, हे ओळखलं आणि हिशेब देवाणघेवाणीवर आणला. ज्याला जितकं मिळतं आणि ज्याला जितकं सोसावं लागतं, त्यावर त्याचं मत ठरतं. हे बरंच बरोबर आहे, पण त्यात ऋतू नाही. चिखलदरा समजायचा तर ऋतूशिवाय सुरुवातच करता येत नाही.

चिखलदऱ्याला माणसं वर्षातून तीन वेळा लोटतात. एप्रिल-मेमध्ये खाली 45 अंशांत भाजून निघालेला वऱ्हाडी चार दिवस थंड हवेला वर जातो. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे आणि धुकं पाहायला एका दिवसाची जत्रा जाते. मग दिवाळीची सुटी आणि वर्षअखेर. तिन्ही वेळा पर्यटकांची संख्या वाढते, पण त्यातल्या पहिल्या दोन वेळांचा त्रास अगदी वेगवेगळा असतो.

उन्हाळ्याचा त्रास पाण्याचा. वर पाऊस भरपूर पडतो, आपल्या सपाटीपेक्षा खूपच जास्त. पण पठार काळ्या बेसाल्टचं, उतार तीव्र. पडलेलं पाणी झपाट्याने दऱ्यांत उतरतं आणि खाली जातं. त्यामुळे पावसाळ्यात ढगात राहणारी पठारावरची गावं मे महिन्यात टँकरची वाट पाहतात. नेमक्या त्याच महिन्यात हॉटेलं भरलेली असतात आणि मुक्कामी पाहुण्याला दोन वेळा अंघोळीला पाणी लागतं. हंडा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला पर्यटन म्हणजे हॉटेलच्या दारात उभा असलेला टँकर.

पावसाळ्याचा त्रास रस्त्याचा. तेव्हा पाण्याची वानवा नसते. पण मुक्काम न करणारा माणूस सोबत गाडी आणतो आणि ती गाडी घाटात उभी राहते. साधा हिशेब करून पाहू. अडकलेल्या रांगेत एक कार मागच्या-पुढच्या अंतरासह सुमारे 6 मीटर जागा खाते. म्हणजे एका किलोमीटरला 160-165 गाड्या, आणि गाडीत पाच माणसं धरली तर 800 माणसं. हीच 800 माणसं एसटीने आली तर 18 गाड्या लागतील आणि त्या अडीचशे मीटरमध्ये मावतील. माणसं तेवढीच, रांग चौपट लांब. पॉइंटवर पोचल्यावर यातली प्रत्येक गाडी उभी करायला जागा लागते, ती मिळाली नाही की रस्त्याची एक बाजू जाते आणि दरड आधीच दुसऱ्या बाजूला उतरायला बसलेली असते.

इथं महामारीचा धागा लागतो. कोविडने गर्दी वाढवली असं सरसकट म्हटलं जातं. माझ्या मते संख्येपेक्षा गर्दीची जात बदलणं जास्त महत्त्वाचं होतं. टाळेबंदीत लोकांनी बस-रेल्वेची धास्ती घेतली आणि स्वतःच्या वाहनाचा भरवसा धरला. ती धास्ती ओसरायच्या सुमाराला, ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस, एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि एप्रिल 2022 पर्यंत चालला. ज्या काळात लोक पुन्हा बाहेर पडायला लागले, नेमक्या त्याच काळात लाल गाडी आगारात उभी होती. दूरची सहल महाग आणि बेभरवशाची, म्हणून जवळच्या डोंगरावर स्वतःच्या गाडीने जाऊन परत येणं हीच सवय पक्की झाली. चिखलदरा, लोणावळा, भंडारदरा, सगळीकडे हेच. जून 2024 मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यानंतर पुणे जिल्ह्यात पावसाळी स्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश निघाले. अशी एका दिवसाची गर्दी सहसा मोजलीच जात नाही, कारण ती कुठल्याच हॉटेलच्या रजिस्टरात येत नाही.

घाटातली रांग ही नुसती गैरसोय समजू नका. मेळघाटात 1990 च्या दशकापासून बालमृत्यू आणि मातामृत्यूंचे आकडे विधानसभेत आणि न्यायालयात गाजत आले आहेत. वरून अवघडलेली बाळंतीण किंवा अत्यवस्थ मूल खाली अचलपूरच्या किंवा अमरावतीच्या दवाखान्यात न्यायचं तर याच घाटाने न्यावं लागतं. परतवाड्याकडे उतरायला दोन वाटा आहेत, एक धामणगाव गढीची आणि दुसरी घटांगची. त्यामुळे गर्दीच्या दिवशी एका वाटेने चढ आणि दुसऱ्या वाटेने उतार असा एकेरी बंदोबस्त शक्य होतो, ही या डोंगराची नशिबाची गोष्ट. पण एकेरी वाटेवरही रांग तुंबली तर रुग्णवाहिकेला बाजू द्यायला जागा कुठून आणायची? भुट्टा खात खाली पाहणाऱ्या माणसाला हे दिसत नाही. त्यात त्याचा दोष आहे असंही नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आता दुसरी बाजू, पैशाची. इथं आधी टाळेबंदीकडे परत जाऊ, कारण पैसा कुठून कुठं वाहतो हे नळ बंद झाल्यावरच नीट कळतं. मार्च 2020 मध्ये सगळं थांबलं ते उन्हाळी हंगामाच्या तोंडावर. हॉटेलवाल्यांचं नुकसान सगळ्यांनी पाहिलं. पण पठारावरचे गवळी म्हशींचं दूध आटवून खवा आणि रबडी करतात आणि ती प्रवाशांना विकतात. म्हैस टाळेबंदी पाळत नाही, दूध रोज येतंच. जिप्सी चालवणाऱ्याचा हप्ता थांबत नाही. व्याघ्र प्रकल्पाची दारं बंद झाली तेव्हा सफारीच्या वाटाड्याचा रोज बुडाला. मेळघाट हा 1973-74 मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, त्यामुळे इथल्या कित्येक घरांची मिळकत जंगलाच्या फाटकाशी बांधलेली आहे. पर्यटनाशी आपला काही संबंध नाही असं समजणाऱ्या घरांनाही तेव्हा कळलं की संबंध आहे.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट कळली. गावं शांत झाली. रात्री डीजे नाही, दऱ्यांत बाटल्या नाहीत. आणि बाहेरून येणारा माणूस हा पहिल्यांदाच जिवाची भीती म्हणून पाहिला गेला. महाराष्ट्रातल्या असंख्य गावांनी वेशीवर काट्या-फांद्या टाकून रस्ते अडवले होते. आपल्याकडे तर पुढच्या फेब्रुवारीत, 2021 मध्ये, राज्यात इतरत्र व्यवहार सुरू असताना अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी लागली, दुसऱ्या लाटेची चाहूल देशाने इथूनच घेतली. चिखलदऱ्याचा रविवारचा पाहुणा बहुतेक याच दोन शहरांच्या बाजूचा. पोटाला तोच हवा आणि छातीत धडकीही त्याचीच, असे ते महिने होते.

हा अनुभव मत बनवतो, पण सगळ्यांचं सारखं नाही. उपजीविका ज्याची पूर्ण पर्यटनावर, तो टाळेबंदीतून बाहेर पडताना आणखी घट्ट समर्थक झाला, कारण त्याने रिकामा हंगाम पाहिला. ज्याची उपजीविका पर्यटनावर नाही, म्हणजे शिक्षक, सरकारी कर्मचारी, शेतकरी, त्याने शांत गाव पाहिलं आणि परत आलेला गोंगाट त्याला पूर्वीपेक्षा जास्त टोचू लागला. मध्ये राहतो कोरकू आदिवासी मजूर. त्याच्या घरची होळी मोठी, होळीनंतर कित्येक कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात आणि पेरणीला परत येतात. म्हणजे उन्हाळ्यात पाहुणे असतात तेव्हा तो गावात नसतो, पावसाळ्यात पाहुणे असतात तेव्हा तो शेतात असतो. पर्यटनाचा पैसा त्याच्यापर्यंत पोचतो तो रोजंदारी म्हणून, बांधकामावर किंवा हॉटेलच्या मोरीवर. त्याला विचारलं तर तो "चांगलं आहे" म्हणेल. त्याला बोलायची सोय किती आहे, हे पाहिल्याशिवाय त्या उत्तराची किंमत करू नये.

बोलायची सोय ही नुसती भाषणाची बाब नाही, तिची कायद्यातली जागाही पाहायला हवी. चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथं आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. तो 1996 चा, महाराष्ट्राचे नियम 2014 चे. त्यानुसार गावच्या साधनांबद्दल ग्रामसभेला म्हणणं मांडता येतं, काही बाबतींत तिची संमती लागते. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ चा अडसर आहे. म्हणूनच बार्सिलोनात ज्या कारणाने लोक रस्त्यावर आले ते कारण इथं तसंच्या तसं दिसत नाही. तिथं घरं पर्यटकांना भाड्याने गेली आणि स्थानिकांची भाडी चढली. तिथल्या महापौरांनी 2028 पर्यंत दहा हजारांवर पर्यटक-सदनिकांचे परवाने संपवण्याचं 2024 मध्ये जाहीर केलं ते त्यामुळेच.

पण चिखलदरा शहर हे गाव नाही, पाच हजारांच्या आसपास वस्तीची नगरपरिषद आहे. तिथं ग्रामसभा नाही. भोवतालच्या काही गावांसह सगळा परिसर गिरिस्थान म्हणून विकसित करायचं काम सिडको या सरकारी नगरनियोजन कंपनीकडे आहे. गोराघाटापासून हरिकेन पॉइंटपर्यंत दरीवरून जाणारा सुमारे चारशे मीटरचा स्कायवॉक सिडकोचाच. महामारीच्या आधी त्याचं काम निघालं आणि वनपरवानग्यांत वर्षानुवर्षं रेंगाळलं. तो स्कायवॉक गर्दी आणेल हे उघड आहे, तोच त्याचा हेतू आहे. पण ती गर्दी कुठं उभी राहील, तिचा रस्ता किती रुंद असेल आणि मे महिन्यात तिचं पाणी कुठून येईल, याची उत्तरं पुलाच्या आराखड्यात नसतात.

आणि इथं महामारीनंतरच्या काळाची एक खास महाराष्ट्रीय अडचण आहे. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या मुदती 2021-22 च्या सुमारास संपल्या आणि निवडणुका थेट डिसेंबर 2025 मध्ये झाल्या. मधली चार वर्षं प्रशासकांची. ज्या वर्षांत गर्दी सगळ्यात वेगाने बदलली, त्याच वर्षांत लहान शहरांतल्या माणसाला कचऱ्याची तक्रार घेऊन जायला निवडून दिलेला नगरसेवक नव्हता. चिडचिड किती होती यापेक्षा ती कुठं गेली हे पाहणं म्हणून महत्त्वाचं. ती बहुधा मोबाईलच्या व्हिडिओत गेली, त्यातून फारसं काही हलत नाही.

गर्दी मोजून ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत. निलगिरी आणि कोडाईकनालला मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे 2024 पासून ई-पास लागला आणि एप्रिल 2025 पासून वाहनांची मर्यादाही आली. निलगिरीत रोज 6000, शनिवार-रविवारी 8000. मला स्वतःला त्यापेक्षा साताऱ्याचं कास पठार जास्त शिकवणारं वाटतं. फुलांच्या हंगामात तिथं रोजच्या 3000 माणसांची मर्यादा ठरली, ऑनलाइन नोंदणी आली आणि शुल्क, पार्किंग, वाटाडे हे सगळं भोवतालच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या हाती राहिलं. निलगिरीत आदेश वरून आला. कासला पावती फाडणारा गावचाच पोरगा आहे, म्हणून मर्यादा घालणारा आणि कमावणारा एकच ठरतो. कासलाही वाद झाले आहेत, कुंपणावरून तर बरेच. पण वाद घालायला कुणाकडे जायचं हे तिथं माहीत असतं.

चिखलदऱ्याला एकदम कास करता येणार नाही. कास म्हणजे काही आठवड्यांचा फुलोरा, हे वर्षभर माणसं राहतात असं शहर. मग सुचवला जाणारा नेहमीचा उपाय असतो मुक्कामी पर्यटक वाढवण्याचा, कारण तो जास्त खर्च करतो. पैशाच्या बाजूने ते खरंच आहे. पण मुक्कामी पाहुणा जास्त पैसा देतो आणि जास्त पाणीही वापरतो. पावसाळ्यात मुक्काम वाढला तर रस्ता सुटेल आणि पाण्याची चिंता नाही. उन्हाळ्यात मुक्काम वाढला तर टँकरची रांग वाढेल. "शाश्वत पर्यटन" अशा नावाखाली दोन्ही ऋतूंना एकच औषध दिलं, तर एका ऋतूत ते उलटं पडणार.

आपण खालचे लोक फक्त पाहुणेच आहोत असंही नाही. आपल्याच चांदूर बाजार तालुक्यात बहिरम आहे. परतवाडा-बैतूल रस्त्यावर सातपुड्याच्या पायथ्याशी 20 डिसेंबरपासून महिनाभराहून जास्त चालणारी यात्रा, हंडीतलं मटण आणि रोडगे. थंडीच्या रविवारी तिथली गर्दी चिखलदऱ्याला लाजवील अशी. तरी बहिरमच्या गर्दीबद्दल चांदूर बाजारात तशी कुरकुर ऐकू येत नाही. कारण काय? गर्दीला तारीख आहे, तिला मैदान आहे, ती कुणाच्या दारातून जात नाही. आणि तिथं यजमान-पाहुणा असा भेद जवळपास नाहीच, चूल मांडणारे आणि पंगतीला बसणारे दोघेही आसपासच्याच गावांतले. कोविडमध्ये ही यात्रा भरली नाही तेव्हा हळहळ सगळ्यांना वाटली, दुकानदारालाही आणि नुसतं रोडगे खायला जाणाऱ्यालाही. तोट्याची वाटणी सारखी होती, म्हणून यात्रा परतल्यावर आनंदाचीही झाली.

चिखलदऱ्यात उद्या कुणी खरोखर लोकांचं मत विचारायला गेलं, एखादं महाविद्यालय किंवा नगरपरिषद, तर त्यांनी "तुम्हाला पर्यटक हवेत का?" हा प्रश्न यादीतून काढून टाकावा. कुणाला, कधी आणि कुठं विचारलं ते आधी लिहावं. हॉटेलवाल्याला मेमध्ये विचारलं तर एक उत्तर येईल, शेजारच्या मोथा गावातल्या बाईला मेमध्ये विचारलं तर दुसरं. भुट्टेवालीला रविवारी दुपारी विचारू नये, तेव्हा तिला वेळ नसतो. तिला सोमवारी विचारावं, रस्त्याकडेचा कचरा कोण उचलतं, याही प्रश्नासकट. कोरकू मजुराला त्याच्या भाषेत विचारावं आणि मालकासमोर विचारू नये. आणि एक प्रश्न प्रत्येकाला सारखा असावा: टाळेबंदीतली कोणती गोष्ट परत यावी असं वाटतं, आणि कोणती कधीच येऊ नये?